उलटा तांब्या आणि उलटे अक्षर





गेल्या सत्रात इयत्ता सातवीच्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'जगातील नववर्षे' या मालिकेत चीनच्या नववर्षाची माहिती सादर केली. कार्यक्रम जेमतेम पंधरा मिनिटांचा होता. परंतु त्यानंतर आठ दिवसांत आमच्याकडे पालकांची दोन पत्रे आली, आणि विश्वस्तांच्या बैठकीतही हा विषय निघाला. एका पालकांनी लिहिले की सीमेवर आपले जवान उभे असताना शाळेत चीनचे कौतुक कशासाठी? दुसऱ्या पालकांचे म्हणणे असे की आमच्या मुलांना स्वतःचे सण धड ठाऊक नाहीत, त्यात परक्यांचे सण कशाला? दोन्ही पत्रे सभ्य भाषेत आणि शाळेविषयीच्या आपुलकीने लिहिलेली आहेत. म्हणून खाजगी उत्तर न देता या पानावर, सर्वांसमोर उत्तर द्यावे असे आम्हांस वाटले.

प्रथम मुलांनी काय सांगितले ते ऐकावे, कारण पत्र लिहिणारे पालक त्या दिवशी हजर नव्हते.

चीनचे नववर्ष आपल्या पाडव्यासारखेच दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. २०२४ साली ते १० फेब्रुवारीला होते, २०२५ साली २९ जानेवारीला. आपला पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता आणि २०२५ साली ३० मार्चला. दोन्ही सण साधारण सारखेच मागे सरकले. कारण एकच. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी आपल्याकडे अधिक महिना धरतात, आणि चीनमध्येही धरतात. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता, त्याच वर्षी त्यांच्याकडे दुसरा महिना दोनदा आला होता. सातवीच्या मुलांनी दोन्ही कॅलेंडरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून हे दाखवले. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी अधिक महिन्याचे गणित अनेकदा शिकवले असेल, पण त्या दिवशी मुलांना ते पटले.

पुढे मुलांनी या सणातील खुणांचे अर्थ सांगितले. नववर्षाआधी घर झाडून लख्ख करतात, पण पहिल्या दिवशी केरसुणीला हात लावत नाहीत, कारण घरात आलेले भाग्य केराबरोबर बाहेर जाईल. दाराला लाल कागदावर लिहिलेल्या शुभवचनांच्या पट्ट्या लावतात. लाल रंग आणि फटाके यांची एक कथा आहे. वर्षाच्या शेवटी गावावर चालून येणारा एक राक्षसी प्राणी लाल रंगाला, उजेडाला आणि आवाजाला भितो, असे सांगतात. घरातील मोठी माणसे मुलांना लाल पाकिटात पैसे देतात. आदल्या रात्री सगळे कुटुंब एकत्र जेवते आणि पानात मासा असतो, कारण त्यांच्या भाषेत 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन शब्दांचा उच्चार एकच आहे. तो मासा सगळा संपवायचा नाही, थोडा उरवायचा, म्हणजे वर्षभर घरात काही ना काही शिल्लक राहील. चार हा आकडा ते टाळतात, कारण त्याचा उच्चार 'मरण' या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. सणाच्या दिवशी हातून बशी फुटली तर रागावत नाहीत. 'फुटणे' आणि 'वर्ष' यांचे उच्चार सारखे असल्यामुळे "वर्षानुवर्षे शांती नांदो" अशा अर्थाचे वाक्य चटकन म्हणून मोकळे होतात.

हे ऐकताना आमच्या ज्येष्ठ शिक्षिका हळूच म्हणाल्या, "आपण तरी नारळ फोडतो कुठे? वाढवतो." खरे आहे. आपल्या घरात बांगडी फुटत नाही, वाढवते. समईची ज्योत विझवत नाहीत, तिला शांत करतात. घराबाहेर पडताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. अशुभ शब्द तोंडातून निघू नये ही धडपड दोन्हीकडे आहे. भाषा मात्र ज्याची त्याची.

मुलांना सर्वांत गंमत वाटली ती चुलीच्या देवाची. चीनमध्ये अशी समजूत आहे की प्रत्येक घरात चुलीचा देव बसलेला असतो आणि वर्ष संपण्याच्या सुमारास तो स्वर्गात जाऊन त्या घराचा अहवाल देतो. म्हणून त्याला निरोप देताना चिकट गोड मिठाई ठेवतात. हेतू हा की त्याचे तोंड गोड व्हावे आणि वर जाऊन त्याने गोडच बोलावे. हे सांगून होताच पाचवीच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "तिळगूळ!" आणि सगळे प्रार्थनागृह हसले. आपल्या संक्रांतीच्या आगेमागेच हा निरोप असतो. कोणी कोणाकडून घेतले असे आमचे म्हणणे मुळीच नाही. थंडीच्या दिवसांत काहीतरी चिकट गोड हातावर ठेवून पुढच्या माणसाकडून गोड शब्दाची अपेक्षा करणे, हे माणसाला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते.

शेवटी मुलांनी एक मोठे लाल कार्ड दाखवले. त्यावर चिनी लिपीतले एक अक्षर काढले होते. त्याचा उच्चार 'फू', अर्थ सुख, भाग्य. कार्ड उलटे धरले होते. आम्हांस वाटले, मुलांची चूक झाली. पण चूक नव्हती. पुष्कळ घरांत हे अक्षर मुद्दाम उलटे लावतात. 'उलटे' या अर्थाचा आणि 'आले' या अर्थाचा शब्द त्यांच्या भाषेत सारखाच उच्चारला जातो. घरात येणारा म्हणतो, "फू उलटे झाले," आणि ऐकणाऱ्याला ऐकू येते, "सुख आले."

कार्यक्रम संपला. मुले वर्गात जाऊ लागली. तेव्हा सातवीतील एक मुलगी आमच्यापाशी येऊन म्हणाली, "मोठ्या बाई, मग आपल्या गुढीवरचा तांब्या उलटा का?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. या प्रश्नाशी आमची जुनी ओळख आहे, म्हणून थोडे स्वतःविषयी सांगतो.

आमचे बालपण माळव्यात गेले आणि पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या मराठीत मधूनच हिंदी डोकावते आणि विद्यार्थी ते उदारपणे चालवून घेतात. आमच्या गल्लीत मराठी घर एकच होते. चौथीत असताना पाडव्याच्या सकाळी शाळेत जायला बोलावणे करणारी मैत्रीण दाराशी आली, वर बघून थबकली आणि म्हणाली, "तुम्हारे यहाँ लोटा उलटा क्यों टँगा है? कोई मर गया क्या?" तिचा हेतू वाईट नव्हता. पण आम्हांला उत्तर माहीत नव्हते, आणि उत्तर माहीत नसले की लाज वाटते. पुढच्या पाडव्याला आम्ही आईला म्हटले की गुढी मागच्या अंगणात उभारू या. आईने कारण विचारले नाही. तिने गुढी मागे उभारली आणि पुढे अनेक वर्षे आमच्या घरची गुढी मागच्या अंगणातच राहिली. तिलाही कदाचित उत्तर देता आले नसते. तिला वाईट वाटले असणार, हे आम्हांला फार उशिरा कळले.

म्हणून दुसऱ्या पालकांच्या मुद्द्याला आमचे पहिले उत्तर हे आहे. परक्यांचे सण कशाला, असे आपण विचारता. वर्षानुवर्षे आपण शाळेत गुढी उभारत आलो आणि एकाही मुलाने तांब्याविषयी विचारले नव्हते. मुले रांगेत उभी राहायची, नमस्कार करायची आणि प्रसाद घेऊन वर्गात जायची. दुसऱ्याच्या घरचे उलटे अक्षर पाहिल्यावर आमच्या मुलीला आपल्या घरचा उलटा तांब्या दिसला. स्वतःच्या सणाकडे बघायला कधी कधी शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहावे लागते.

वडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे सांगायलाच नको. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आणि नंतर त्यांच्या राज्याच्या नोकरीत आपली घराणी येथे आली. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, आणि आपण येथेच राहिलो. दांडिया बाजार, रावपुरा भागात पाडव्याला गुढ्या उभ्या राहतच आहेत. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. या काळात आपल्या खुणा आपण जपल्याच, पण शेजाऱ्याच्याही घेतल्या. बेसतु वर्षाच्या पहाटे "सबरस" अशी हाक देत मीठ विकणारा आला की आपल्याही घरातून कोणीतरी उठून मीठ घेते. मीठ म्हणजे सर्व रसांचा राजा, ते वर्षारंभी घरात यावे. ही खूण गुजराती, पण आता ती आपलीही आहे. उत्तरायणाला गच्चीवर पतंग आणि उंधियू, आणि त्याच संध्याकाळी हळदीकुंकू. वारसिया भागातील आपले सिंधी शेजारी पाडव्याच्या आगेमागेच चेटीचंड साजरा करतात. गरब्यातील छिद्रे असलेला मातीचा घट आणि आत जळणारा दिवा, आणि आपल्या भोंडल्यातील पाटावरचा हत्ती, या दोन्हींभोवती आपल्या मुली फेर धरतात. यामुळे आपले मराठीपण कमी झाले असे आम्हांस दिसत नाही.

महाराज सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनीच कमाटीबागेत संग्रहालय उभारले. तेथे इजिप्तची ममी बघायला मुले धावतात, आणि त्याच इमारतीत चीन व जपानच्या वस्तूही मांडलेल्या आहेत. प्रजेने जग पाहिले तर ती बिघडेल, असे त्यांना वाटले नव्हते.

आता पहिल्या पालकांचा मुद्दा, आणि तो अधिक गंभीर आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्यांचा विसर कोणालाच पडता कामा नये, आणि चीनच्या सरकारच्या कृत्यांवर पांघरूण घालणे हा आमच्या कार्यक्रमाचा हेतू नव्हता. परंतु सरकार वेगळे आणि घरातल्या चुलीसमोर मिठाई ठेवणारी म्हातारी वेगळी. हा फरक मुलांना शाळेने नाही शिकवला तर कोण शिकवणार?

शिवाय हा सण फक्त सीमेपलीकडचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाचा एक चिनी माणूस कोलकात्याजवळ आला. वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून त्याने ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या जागेला अचीपूर म्हणतात, आणि कोलकात्यातील चिनी कुटुंबे नववर्षाच्या दिवसांत तेथील देवळात दर्शनाला जातात. आपल्या मुंबईतही माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ साली बांधलेले एक छोटे चिनी देऊळ आहे. गोदीत आणि जहाजांवर काम करण्यासाठी कॅन्टनकडून आलेल्या लोकांनी ते बांधले. तेथे क्वान कुंग या देवाची पूजा होते. हा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक सेनापती, पुढे इमानाचा आणि न्यायाचा देव मानला गेला. पूर्वी त्या भागात चिनी वस्ती बरीच होती. १९६२ च्या युद्धानंतर देशातील चिनी वंशाच्या अनेक कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत येथेच जन्मलेली माणसे होती, बायकामुले होती. पुष्कळ जण नंतर देश सोडून गेले. माझगावची वस्तीही विरळ झाली. पण देऊळ राहिले, आणि नववर्षाला तेथे आजही उदबत्त्या लागतात, लाल कंदील लागतात.

आपला मूळ मुलूख सोडून, दुसऱ्या भाषेच्या गावात, पिढ्यानपिढ्या एक खूण सांभाळणारी माणसे. आमच्या वाचकांना यात काहीतरी ओळखीचे वाटावे. फरक इतकाच की आपल्याला येथे कोणी परके मानले नाही. ते आपले भाग्य आहे. ज्यांच्या वाट्याला ते आले नाही, त्यांच्याविषयी आपण तरी जपून बोलावे.

आणि आता जे सांगतो आहोत ते सांगणे अवघड आहे. हा कार्यक्रम ठरवण्यामागे एक कारण होते. आपल्याच देशाच्या ईशान्य भागातून आलेल्या कुटुंबातील एक मूल आपल्या शाळेत शिकते. त्याला काही मुले 'चायनीज' म्हणून चिडवत होती. हे बराच काळ चालले होते आणि आमच्या लक्षात आले नाही. ही चूक आमची आहे. आम्ही मुलांना बोलावून विचारले, "चायनीज म्हणजे काय?" उत्तरे अशी आली: चायनीज म्हणजे नूडल्स. चायनीज म्हणजे दिवाळीची लायटिंग, लगेच बंद पडते. चायनीज म्हणजे दोरी, तिने गळा कापतो. जवळजवळ सव्वाशे कोटींहून अधिक माणसांच्या देशाविषयी आमच्या मुलांजवळ तीन वस्तू होत्या, आणि त्या तीन वस्तूंचा शिक्का त्यांनी एका भारतीय मुलाच्या कपाळावर मारला होता. त्या घातक नायलॉनच्या दोरीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली. ती बरीचशी आपल्याच देशात तयार होते, हेही मुलांना माहीत नव्हते.

ते मूल चिनी नाही, हे सांगून भागले असते. पण तेवढेच सांगितले असते तर 'चिनी' ही शिवी आहे, हे आम्हीच मान्य केल्यासारखे झाले असते. म्हणून आम्ही ठरवले की ज्या शब्दाने चिडवले जाते त्या शब्दामागे माणसे कशी राहतात, काय खातात, मुलांच्या हातात काय देतात, ते मुलांनी स्वतः शोधून सांगावे. सादर करणाऱ्या मुलांत चिडवणारी दोन मुलेही होती. उलटे अक्षर लिहिलेले कार्ड त्यांच्यापैकीच एकाने धरले होते. चिडवणे पूर्ण थांबले असा दावा आम्ही करणार नाही. कमी झाले आहे, एवढे वर्गशिक्षिका सांगतात.

पालकांचा एक आक्षेप मात्र आम्हांस पूर्ण मान्य आहे. कार्यक्रमाची पूर्वसूचना घरी द्यायला हवी होती. यापुढे देऊ.

एक सावधगिरीचा मुद्दाही मांडावासा वाटतो. चीनमध्ये आता पुष्कळ जण लाल पाकीट मोबाईलवरूनच पाठवतात. प्रदूषणामुळे अनेक शहरांत फटाक्यांवर बंधने आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या सणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पण यादीत नाव लागल्याने सण टिकत नाही. दरवर्षी या दिवसांत तेथील कोट्यवधी लोक गर्दीच्या गाड्यांतून आपापल्या गावी जातात, आईवडिलांबरोबर एका पंगतीत जेवतात, आणि त्यामुळे तो टिकतो. आपल्याकडे आता वीतभर उंचीची तयार गुढी बाजारात मिळते, तांब्या, साडी, गाठी सगळे चिकटवलेले. ज्यांच्या घरी वृद्ध एकटे आहेत किंवा गॅलरी लहान आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी, त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण शाळेसाठी तशी गुढी आणावी, वेळ वाचेल, अशी जी सूचना आली आहे, तिला आमचा विरोध आहे. शाळेला वेळ वाचवायचा नाही. शाळेचा वेळ याच कामासाठी आहे.

म्हणून येत्या पाडव्याच्या आदल्या दिवशी शाळेत गुढी मुलेच तयार करतील. काठी धुण्यापासून गाठी बांधण्यापर्यंत. कडुनिंबाचा डहाळा मैदानाच्या कोपऱ्यातील झाडाचाच असेल, आणि गुळाबरोबर कडुनिंबाचे पान प्रत्येकाला खावे लागेल, मुख्याध्यापकांसह. प्रत्येक मुलाने, मग ते मराठी असो, गुजराती, सिंधी किंवा आणखी कोणी, आपल्या घरातील नववर्षाच्या एका खुणेविषयी घरच्या मोठ्यांना एक प्रश्न विचारून यायचे आहे आणि उत्तर आपल्याला येईल त्या भाषेत लिहून आणायचे आहे. "माहीत नाही" हे उत्तरही चालेल, मात्र मग शोध दोघांनी मिळून करायचा. पालकांना विनंती की मुलाने विचारले तर "असेच असते" म्हणून त्याला गप्प करू नये.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. आम्ही दोन-चार जाणत्यांना विचारले. कोणी म्हणाले, तांब्या म्हणजे विजयाच्या ध्वजाचा कळस. कोणी म्हणाले, पालथ्या कलशातून वर्षभराची समृद्धी घरावर ओतली जाते. एका आजींनी सरळ सांगितले, "अहो, काठीच्या टोकावर साडी घट्ट बसायला तांब्या पालथाच घालावा लागतो, सुलटा राहील का?" आम्ही तिन्ही उत्तरे त्या मुलीला सांगितली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आजींचे खरे वाटते. पण बाकीची दोन पण ठेवू या."

आम्हांसही तेच योग्य वाटते.